उंबऱ्यावरची पेटी

मी पेटी बोलतेय. कपड्यांची नव्हे, दागिन्यांची तर नव्हेच, बाजाची पेटी. माझी एक पट्टी कायमची मुकी झाली आहे, भात्याला दोन ठिगळं आहेत आणि हल्ली माझ्याकडून एकाच सुराचं काम घेतलं जातं. पण मी रडगाणं सांगायला बसलेली नाही. परळच्या एका लग्नात माझा जीव अगदी टांगणीला लागला होता आणि मग तो भांड्यात पडला, ते सांगायचं आहे.

माझा जन्म गिरगावातला. एका अरुंद गल्लीत माधव मिस्त्रींचा छोटा कारखाना होता. त्यांनी सागवानाचं माझं अंग घडवलं, पितळी सूर बसवले, भात्याला कातडं चिकटवलं आणि पहिली हवा घातली. मी कशीबशी चिरकले. मिस्त्री म्हणाले, "होईल, होईल, घसा सुटेल."

माझे पहिले मालक रमाकांतबुवा कीर्तनकार. बुवा गोड गात आणि मला सोवळ्यासारखं जपत. त्यांच्या घरी मला हात लावण्याआधी माणसाची जात विचारली जाई. मी लाकूड, मला जात कशी कळणार? मला कळे फक्त हाताचं वजन. बुवा गेल्यावर मुलांनी मला विकलं आणि परळच्या एका भजनी मंडळाने मला घेतलं. तिथे दौलत माझ्यासमोर बसला.

दौलत रेल्वेच्या कारखान्यात कामाला होता. दिवसभर लोखंडाशी झटून त्याच्या बोटांना घट्टे पडलेले. बुवांच्या घरी त्या बोटांना मज्जाव झाला असता. पण ती माझ्यावर आली की इतकी हलकी होत, की मला वाटे, हा मला वाजवत नाही, विचारतोय. दहा वर्षं त्याने मला वाजवलं. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे, झेंडूचा हार पडे.

मग एकोणीसशे छप्पनचा डिसेंबर आला. बाबासाहेब गेले. दौलत दोन दिवस घरी आला नाही. आला तेव्हा अंगातला पांढरा सदरा चुरगळलेला होता आणि डोळे सुजलेले होते. दादरच्या चौपाटीवर हजारो माणसांबरोबर त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. दुसऱ्या दिवशी घरातले देव फडक्यात बांधून तो माहीमच्या खाडीत सोडून आला. त्याची बायको गंगुबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. रिकामा कोनाडा त्यांनी पुसला आणि तिथे तांदळाचा डबा ठेवला.

भजनी मंडळ मोडलं. उरले ती मी, दौलतच्या घरी. दौलत माझ्यासमोर येऊन बसला.

"हिच्यावर इतकी वर्षं अभंग वाजले," तो म्हणाला. "फेकवत नाय. पण वाजवायची पण नाय."

आणि मला घोंगडीत गुंडाळून माळ्यावर ठेवण्यात आलं.

माळ्यावरची दोन वर्षं मी मोजली नाहीत. उंदरांनी माझा भाता कुरतडला. पण खालचं सगळं मला ऐकू येई. रोज संध्याकाळी घरातली चौघं एकत्र बसून वंदना म्हणत: दौलत, गंगुबाई, थोरली कमळा आणि धाकटी सुभद्रा. त्यातलं त्रिशरण म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याच्या तीन ओळी, त्याही तीन वेळा म्हणायच्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी प्रत्येक ओळीच्या आधी एक शब्द वाढतो. भाषा पाली, सगळ्यांनाच नवी. त्या वाढलेल्या शब्दाच्या वळणावर घरचे सगळे एकमेकांवर आदळत. शिवाय दौलतचा गळा. ओळ संपत आली की तो आपोआप अभंगासारखा वर चढे. गंगुबाईंचे हात टाळीला उठत. मग त्या ओशाळून हातांवर बसत. मला माळ्यावर हसू येई. माझंच शिकवणं होतं ना ते!

दौलतने घरात एक नियम घातला होता. "अर्थ सांगितल्याशिवाय पुढची ओळ म्हणायची नाय. न कळता म्हणायचं ते दिवस गेले." मग एकेकाने स्वतःच्या शब्दांत अर्थ सांगायचा, घरातला दाखला देऊन. जिवाची हिंसा करणार नाही, या पहिल्या शीलाशी गंगुबाई तीन दिवस अडून बसल्या होत्या.

"आणि ढेकणांचं काय?"

"ढेकणांचा मी विचार करतोय," दौलत म्हणाला.

एकोणसाठ साल उजाडलं आणि कमळाचं लग्न ठरलं. मुलगा भायखळ्याचा. त्याच्याकडचे कर्ते म्हणजे त्याचे काका सीताराम. ते बोलणी करायला आले ते गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसले.

"दौलतराव, मीसुद्धा दीक्षा घेतलीय, उलटा फिरलेला नाही," ते म्हणाले. "पण मागल्या महिन्यात आमच्याकडे एक लग्न झालं. वंदना म्हणणाराच मधे अडकला. लोक फिदीफिदी हसले, नवरी रडली. 'हे कसलं लग्न' म्हणून अजून टोमणे मारतायत. मला ते नको. नीट होणार असेल तर वंदना. नाहीतर आमचा मंगलाष्टकं म्हणणारा म्हातारा आहेच. त्याला मांडवात आणून बसवतो."

"दादरहून राजाराम गुरुजी येणारायत वंदना म्हणायला," दौलत म्हणाला. "त्यांचं सगळं चोख असतं."

पण फेब्रुवारीत राजाराम गुरुजी सीमेच्या सत्याग्रहाला बेळगावकडे गेले आणि त्यांना तुरुंगात टाकल्याची बातमी आली. लग्नाला तीन आठवडे उरले होते.

गंगुबाई हळूच म्हणाल्या, "मग होऊन जाऊ द्या की मंगलाष्टकं. पोरीचं लग्न लागल्याशी कारण."

कमळा पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही. "आई, अंतरपाट धरला तर मी पाटावर उभी राहणार नाही. सांगून ठेवते."

तेव्हा घरातून कोणीतरी म्हणायला हवं होतं. दौलतचा गळा तर असा. गंगुबाई अडखळत. कमळा तर नवरी. राहिली सुभद्रा. ती चौदा वर्षांची. तिला सगळं पाठ होतं, अर्थासकट. पण चार माणसं समोर आली की तिचा आवाज घशातच बसे. शाळेत हजेरी घेताना बाईंना तिचं नाव दोनदा पुकारावं लागे. ती पहिल्या हाकेलाच 'हजर' म्हणालेली असे, पण फक्त स्वतःला.

"आबा, मी नाही," ती म्हणाली. तेही कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

त्याच संध्याकाळी वॉल्टर आला. चाळीच्या मागे किरिस्तावांची जुनी, बैठी घरं होती, तिथला हा. पिढ्यान् पिढ्या मुंबईचा, घरात मराठीच बोलणारा. दौलतच्याच कारखान्यात फिटर, आणि रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांचा पुढारी. तो चर्चला देऊळच म्हणे.

"काय रे दौलत," तो दारातूनच ओरडला, "मागच्या खिडकीतून रोज ऐकतोय. चार माणसं नि चार वाटा! आणि तू कुठला नवीन अभंग काढलायस?"

दौलतने त्याला सगळं सांगितलं. वॉल्टरने सुभद्राकडे बघितलं.

"आवाज आहे पोरीला. फक्त कुठून सुरू करायचं ते ठाऊक नाय, म्हणून घाबरते. तिला पहिला सूर द्या. तुझी पेटी कुठाय?"

"पेटी नाय," दौलत एकदम म्हणाला. "पेटीवर वंदना म्हटली तर भजनात नि हिच्यात फरक काय राहिला?"

माळ्यावर माझा श्वास अडकला. वॉल्टर डोकं खाजवत उभा राहिला.

"हे बघ, आमचे उपासाचे चाळीस दिवस चालू झालेत. त्या दिवसांत आमच्या देवळात बाजा वाजवत नाय. सगळं नुसत्या गळ्याने. पण लोक भलत्याच पट्टीत सुरू करतात ना! म्हणून मी काय करतो, बाजूच्या खोलीत पेटीवर एक सूर धरतो. लोकांनी तो उचलला की हात काढतो. मग पेटी गप्प. तेवढं चालेल?"

दौलतने विचार केला. "एकच सूर?"

"एकच."

घोंगडी सुटली. दोन वर्षांनी मी उजेड बघितला. वॉल्टरने मला उघडून ब्रशने साफ केलं, भात्याला दोन ठिगळं लावली. पट्ट्यांच्या फटीतून वाळलेलं कुंकू निघालं. ते जमिनीवर पडलं तसं गंगुबाईंनी पदराने टिपून घेतलं. दौलतने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या घरात मला आवडलेल्या गोष्टींपैकी ही एक.

"आत ये," दौलत म्हणाला.

"नाय रे. दुसऱ्याच्या प्रार्थनेत बसायला आम्हाला मनाई. मी बाहेर बसतो."

"मग पेटी कशी वाजवणार?"

वॉल्टरने मला उचललं आणि उंबऱ्यावर आडवं ठेवलं. माझ्या पट्ट्या घरात, भाता गॅलरीत. तो गॅलरीत मांडी घालून बसला. "पट्टी पोरीने दाबायची. हवा मी घालतो. हवा घालायला कोणी मना केलेलं नाय."

माझ्या उभ्या आयुष्यात मला असं कोणी वाजवलं नव्हतं. तो हवा थांबवे तेव्हा तिच्या बोटाचा उपयोग नसे, आणि तिने पट्टी दाबली नाही तर त्याची हवा फुकट जाई. काळी चार हा सूर तिच्या गळ्याला बसला. वॉल्टर वंदनेचा एक शब्द उच्चारत नसे. नुसतं "ला, ला" करून दाखवी: इथे श्वास घे, इथे थांब, वाढीव शब्द आला की घाई करू नकोस, पायरी चढल्यासारखा पाय टाक. पाचवं शील, मद्य न पिण्याचं, आलं की तो कानांवर हात ठेवी. "हे एवढं मी ऐकलं नाय. माझ्या घरी नाताळची बाटली आहे."

शेजारची मंडळी बोलायची ती बोललीच. "आता किरिस्तावाकडून वंदना शिकतायत! उद्या गळ्यात क्रूस बांधतील."

"सूर शिकतोय," दौलत म्हणाला. "शरण नाय."

सगळं छान चाललं होतं आणि एका संध्याकाळी सुभद्राने विचारलं, "वॉल्टरकाका, तुम्ही देवळात लॅटिनमध्ये म्हणता, त्याचा अर्थ काय?"

"अर्थ?" वॉल्टर म्हणाला. "अर्थ फादरना माहीत."

"म्हणजे तुम्ही फादरसाठी म्हणता?"

तिने वाईट हेतूने विचारलं नव्हतं. त्या घरात सगळे सगळ्यांना तसंच विचारत. पण वॉल्टरचा हात भात्यावर थांबला. तो उठला, चपला घातल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लग्न आठ दिवसांवर. सुभद्रा जेवेना. "माझ्यामुळे," एवढंच म्हणे. तिचा आवाज पुन्हा घशात जाऊन बसला. दौलत कारखान्यात त्याला शोधी, तर तो दुसऱ्या पाळीला गेलेला. गंगुबाईंनी गुपचूप भायखळ्याला निरोप धाडला: म्हाताऱ्याला आणून ठेवा. मी उंबऱ्याजवळ पडून होते. मला वाटलं, आता माझी वाट माळ्याकडेच.

चौथ्या संध्याकाळी गॅलरीत चपला वाजल्या. वॉल्टर आपल्या जागी बसला आणि मोठ्याने हसायला लागला.

"दौलत, ऐक. आमच्या देवळातल्या प्रार्थनेत सुरुवातीला एक ओळ येते. लहानपणापासून म्हणतोय. मी फादरना विचारलं, या लॅटिनचा अर्थ काय? फादर म्हणाले, वॉल्टर, ती ओळ लॅटिन नाहीच, ग्रीक आहे. अरे, तीस वर्षं मी ग्रीक बोलतोय नि मला पत्ता नाय!"

"आणि अर्थ?" सुभद्राने विचारलं.

वॉल्टरचं हसू थांबलं. "प्रभू, दया कर. एवढाच. आणि मी तिथे काय करायचो ठाऊक आहे? वरचा सूर नीट लागतो का ते बघायचो. काल पहिल्यांदा ती ओळ म्हणताना मी दया मागितली."

"काका, तुम्हाला राग आला होता?"

"आला होता. तू विचारलंस म्हणून नाय. मला उत्तर आलं नाय म्हणून." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "फादरनी सगळ्या ओळींचा अर्थ सांगितला. तुमच्या घरच्यासारखं एकेक ओळ घेऊन मला म्हणायचंय. शिकवशील?"

"फादरना सांगितलंस, कुठे येतोस ते?" दौलतने विचारलं.

"सांगितलं. म्हणाले, उंबरा ओलांडू नकोस. म्हटलं, ओलांडत नाय. मग म्हणाले, पोरीला सांग, श्वास नाकाने घे."

त्या दिवसापासून आधी वंदना होई आणि मग वॉल्टर आपला कागद वाचे. आतून सुभद्रा विचारी, "म्हणजे काय?" आणि बाहेरून तो सांगे. एकदा तो दौलतला म्हणाला, "तुम्ही कोणाकडे काहीच मागत नाय. मग म्हणता कशाला?"

"स्वतःला बजावायला."

"मला मागितल्याबिगर जमणार नाय रे. माझा देव आहे."

"असू दे की. मी कुठे काढून घेतोय?"

दोघांनी एकमेकांना पटवलं नाही. पण दोघंही विचारात पडले, हे मला हवेवरून कळलं. वॉल्टर विचार करताना भाता हळू चालवी.

मार्चमधला तो रविवार. चाळीच्या अंगणात पांढऱ्या कापडाचा मांडव. सीतारामकाका पुढे हाताची घडी घालून बसलेले. त्यांच्या शेजारी खरोखरच तो म्हातारा, मांडीवर पिशवी, पिशवीत अंतरपाट. निरोप आपल्याच आईने धाडला होता हे कमळाला कळलं होतं. ती गंगुबाईंकडे बघतही नव्हती. मांडवाच्या कडेला, कनातीखाली मी. पट्ट्या मांडवात, भाता बाहेर.

सुभद्रा उभी राहिली. तिचं बोट पट्टीवर आलं, घामाने निसटलं, पुन्हा आलं. वॉल्टरने हवा दिली. मी सूर लावला.

आणि नेमकी तेव्हाच गल्लीतून मिरवणूक आली. दोनशे-तीनशे माणसं, झेंडे, डफ. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" मांडवातल्या पोरांनीही आरोळी दिली. त्या गजरात माझा सूर कुठल्या कुठे बुडाला. सुभद्राचा चेहरा पांढरा पडला. तिने तोंड उघडलं, मिटलं. मागे कोणीतरी खुसखुसलं. सीतारामकाकांनी म्हाताऱ्याकडे मान वळवली आणि म्हाताऱ्याचा हात पिशवीत गेला.

कनातीबाहेर वॉल्टरला काही दिसत नव्हतं. पण पट्टी अजून दाबलेली आहे, हे त्याला भात्याच्या जोरावरून कळत होतं. त्याने हवा तोडली नाही. ना घाई, ना झटका; एकसारखी हवा. माझं एक ठिगळ ताणलं. मी म्हटलं, फाटलं तर फाटू दे, पण आत्ता नको.

मिरवणूक कोपऱ्यावरून वळली. गजर ओसरला. आणि ओसरलेल्या आवाजाखाली माझा सूर तसाच चालू होता, जणू तो कधी थांबलाच नव्हता.

सुभद्राने तो ऐकला. नाकाने श्वास घेतला. आणि उचलला.

वॉल्टरचा हात सुटला. मी गप्प झाले. पुढे ती एकटी होती. मग एकटी नव्हती. पहिली फेरी झाली, दुसरीत शब्द वाढला आणि मांडवातली माणसं तिच्याबरोबर पायरी चढली. तिसरीत तर मागची खुसखुसणारी पोरंही म्हणत होती. दौलतने ओळीच्या शेवटी स्वतःच्या तोंडावर हात धरला होता. कोणी आदळलं नाही.

कमळाने हार घातला. पण सीतारामकाका उठले. "पोरी, म्हटलंस छान. शरण म्हणजे काय, सांगशील? पाया पडणं?"

सुभद्रा म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू गेलं, "नाही. वाट चुकली तर कोणाला विचारायचं, ते ठरवून ठेवणं."

सीतारामकाकांच्या हाताची घडी सुटली. म्हाताऱ्याने अंतरपाट बाहेर काढला तेव्हा गंगुबाई दचकल्या; पण त्याने तो आपल्याच मांडीवर पसरला. "जेवणाचं बघा," तो म्हणाला. "डाग पडायला नकोत धोतराला."

मांडव हसला. गंगुबाई कमळाजवळ गेल्या, भीत भीत. "लागलं ना ग लग्न?"

"लागलं, आई," कमळा म्हणाली आणि तिने आईचा हात धरला.

कनातीबाहेर वॉल्टर पाय पसरून, सदऱ्याने घाम पुसत बसला होता. दौलतने ताट त्याला तिथेच नेऊन दिलं. मीही इतका लांब श्वास सोडला, की कोणी ऐकला असता तर म्हणालं असतं, पेटी फुटली.

या गोष्टीला सव्वा वर्ष झालं. राजाराम गुरुजी तुरुंगातून सुटले. एक मेला मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या दिवशी गल्लीत इतके दिवे लागले, की माझ्या पट्ट्या चमकल्या. सुभद्रा आता नातेवाइकांच्या लग्नांत वंदना म्हणायला जाते. मला नेत नाही. पहिल्यांदा ती मला सोडून गेली तेव्हा मी घाबरले होते. घोंगडीची आठवण झाली. पण ती परत आली, माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "आता सूर आतूनच येतो." मुलीचं असं बोलणं ऐकून कोणत्या पेटीला वाईट वाटेल?

मी खिडकीत असते. समोर वॉल्टरचं घर दिसतं. उपासाच्या दिवसांत तो मला मागायला येतो, देवळातल्या त्या एका सुरासाठी. दौलत मला स्वतः पोहोचवतो आणि देवळाच्या पायरीवर बसून येतो. आत जात नाही. पण येताना वॉल्टरला एखाद्या ओळीचा अर्थ हमखास विचारतो, आणि वॉल्टरला तो सांगता येतो.

वाचक मित्रांनो, तुमच्याही भिंतीपलीकडे कोणी काही वेगळं म्हणत असेल. तुम्हाला ते पटायलाच हवं असं नाही. पण एकदा त्यांच्या दारापर्यंत जा आणि विचारा, "म्हणजे काय?" त्यांनी तुम्हाला तेच विचारलं तर उठून जाऊ नका, गेलात तर चौथ्या दिवशी परत या. तेवढं केलंत, तर माझ्यासारख्या म्हाताऱ्या पेटीला सुखाने गप्प बसता येईल.